चारचाकीचं खातं : फीच्या पलीकडचा हिशोब

२ फेब्रुवारी २०२५, वाई

वहीत नवं पान घातलं. शिकणाऱ्या तिघी: मी, माझी धाकटी जाऊ आणि शेजारच्या मावशी. गाडी एकच, मावशींच्या दारातली २०१४ ची वॅगन आर. त्यांच्या यजमानांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ती ताडपत्रीखाली उभी आहे. साताऱ्याला डॉक्टरकडे जायचं म्हटलं की भाड्याची गाडी पंधराशे रुपये घेते, आणि ती भाड्याची गाडी स्वतःच्या गाडीला वळसा घालून दाराशी येते. मावशींना याचाच राग जास्त.

पैसे भिशीचे. बारा जणी, महिना अडीच हजार, मार्चचा नंबर माझा. म्हणजे हातात तीस हजार. त्यात तिघींचं शिकणं बसवायचं आणि त्या दोघींनी मला हप्त्याने परत करायचे. मी पतसंस्थेत हिशोब बघते, तेव्हा वही माझ्याकडे येणार हे न बोलता ठरलं.

एक गोष्ट आजच ठरवून टाकली. गाडीचं खातं वेगळं, शिकण्याचं वेगळं. बॅटरी, विमा, नंबरप्लेट हे मावशींच्या घरचे खर्च. आम्ही शिकलो नसतो तरी गाडी रस्त्यावर आणायला ते लागलेच असते. मावशी म्हणाल्या, “अगं, एवढं काय वेगळं करायचं!” जाऊ म्हणाली, “मावशी, करू द्या त्यांना. नाहीतर दिवाळीत आपण तिघी बोलत नसू.”

९ फेब्रुवारी

ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांकडे फिरून आलो. भाव असे:

पहिला: १५ दिवस, रोज अर्धा तास, ४,५०० रुपये.
दुसरा: २१ दिवस, रोज अर्धा तास, ६,३०० रुपये.
तिसरा: १० दिवस, ‘रोज एक तास’, ३,९९९ रुपये.
चौथा: २१ दिवस, ‘लायसन्ससकट’, ९,००० रुपये.

सगळीकडे एकच प्रश्न विचारला: मी स्वतः स्टिअरिंगवर किती मिनिटं? पहिल्या दोघांनी सरळ सांगितलं. तिसऱ्याकडे गाडीत एका वेळी तीन जण बसतात, म्हणजे एका तासातली माझी वीसच मिनिटं, उरलेली मागच्या सीटवर बसून बघायची. दहा दिवसांचे झाले तीन तास वीस मिनिटं. तासाला १,२०० रुपये. पहिल्याचे साडेसात तास, दुसऱ्याचे साडेदहा, आणि दोघांचाही दर तासाला ६०० रुपयेच. सगळ्यांत कमी फीचा क्लास सगळ्यांत महाग निघाला. हे बोर्डावर कुठेच कळत नाही, कारण बोर्डावर दिवस लिहिलेले असतात.

मुळात तास किती हवेत? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम ३१: हलक्या खासगी वाहनासाठी प्रशिक्षण किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तास. स्कूलने प्रत्येक विद्यार्थ्याचे तास नमुना १५ च्या रजिस्टरमध्ये लिहायचे असतात. पहिला आणि तिसरा क्लास इथेच बाद. दुसरीकडे १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले आहेत. त्यांच्या अभ्यासक्रमात हलक्या वाहनाला चार आठवड्यांत २९ तास, त्यातले ८ वर्गात आणि २१ गाडीवर. तिथून पास झालेल्याला आरटीओची चाचणी द्यावी लागत नाही. रोज वाईहून अशा केंद्रावर जाणं आम्हाला जमणारं नाही, पण २१ हा आकडा उचलला. सरकारला चाचणी माफ करावीशी वाटते ती २१ तासांनंतर, तर आपण साडेसातांवर कशा तयार होणार?

म्हणून वहीत पहिला रकाना ‘तास’, दुसरा ‘रुपये’.

१० फेब्रुवारी

लायसन्ससकट पॅकेज फोडून पाहिलं. सरकारी फी अशी: लर्निंग लायसन्स एका प्रकारच्या वाहनाला १५० आणि परीक्षेचे ५०; पक्क्या लायसन्सची चाचणी प्रत्येक प्रकाराला ३००, लायसन्सचे २००. आधीच्या लायसन्सवर नवा प्रकार चढवायचा असेल तर त्याचे ५००. वर स्मार्टकार्ड आणि टपाल.

माझ्याकडे दुचाकीचं लायसन्स आहे, म्हणजे मला २०० अधिक ३०० अधिक ५००, एक हजार. मावशींना फक्त चारचाकी, सातशे. जाऊकडे काहीच नाही. तिला म्हटलं, दुचाकी आणि चारचाकी एकदमच काढ. आत्ता दुचाकीचे जादा ४५० पडतील. उद्या वेगळं चढवायला गेलीस तर तेच हजाराला जाईल. तिचे ११५०. तिघींचे मिळून २,८५०, कार्ड-टपाल धरून साडेतीन हजार लिहिले.

चौथ्याच्या आणि दुसऱ्याच्या फीत २,७०० चा फरक, आणि त्यात एका बाईचं सरकारी काम हजाराच्या आत-बाहेर. उरलेले कशाचे, तर फॉर्म भरून देण्याचे आणि सोबत येण्याचे. ज्याला वेळ नाही त्याने जरूर द्यावेत. आमच्याकडे जाऊ आहे. तिला मोबाइलवर फॉर्म भरायला आवडतं.

१६ फेब्रुवारी

गाडीचं खातं. मावशींच्या पडवीत बसून लिहिलं.

विमा दोन वर्षांपूर्वी संपलेला. नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो, तो गेलाच. एक हजार सीसीच्या आतल्या खासगी गाडीला थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्याचा, हप्ता २,०९४, त्यावर १८ टक्के जीएसटी, २,४७१. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचाही विमा घ्यावा का यावर बरीच चर्चा झाली. अकरा वर्षांच्या गाडीची विम्यातली किंमत ती किती, आणि आमच्या हातून व्हायचं ते बंपर नाहीतर दार. तेवढ्यासाठी क्लेम करत बसण्यापेक्षा पाच हजार बाजूला ठेवायचे ठरलं. नाव: ओरखडा निधी. तिघींचा समान वाटा, गाडी कुणाच्याही हातात असताना घासली तरी.

विमा एजंटला मुद्दाम विचारलं, लर्निंगवाली गाडी चालवत असेल तर विमा लागू का? लागू, पण त्याच मोटार वाहन नियमांतला नियम ३ पाळलेला असला पाहिजे: शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस, गाडी थांबवता येईल असा बसलेला, आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’, पाटी १८ सेंटिमीटर चौरस. घरच्या सरावात ही पाटी नसेल किंवा शेजारी लायसन्स नसलेली मैत्रीण बसली असेल, तर पाच हजारांच्या निधीला काही अर्थ नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचा आकडा लाखांत जातो. स्टिकरची जोडी साठ रुपयांना मिळाली. पूर्ण खात्यातली सगळ्यांत स्वस्त ओळ.

१ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी, म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट: ७४५ अधिक जीएसटी, ८७९. सध्या मुदत ३१ मार्च. पीयूसी १२५. बॅटरी ४,६००. सर्व्हिसिंग ३,२००. एकूण ११,२७५, सगळे मावशींकडे. त्यांनी आकडा ऐकला आणि यजमानांकडे बघून म्हणाल्या, “दोन वर्षं उभी ठेवलीत त्याचं हे भाडं.”

२३ फेब्रुवारी

दुसऱ्या स्कूलशी बोलणी. तिघी एकदम म्हणून सर प्रत्येकी तीन-चारशे सोडायला तयार होते. आम्ही म्हटलं, पैसे सोडू नका, तास द्या: प्रत्येकीला शेवटी दोन तास पसरणीच्या घाटात. सरांनी जरा विचार केला, मग हो म्हणाले. ६,३०० त साडेबारा तास, दर ६०० वरून ५०४ वर आला. चारशे रुपये सोडवून घेतले असते तर दर ५६२ झाला असता आणि घाट राहिलाच असता. वाईत राहून घाट न येणं म्हणजे फक्त हायवेवरच्या सुरूरकडे तोंड करून जगणं.

आता २१ मधले राहिलेले साडेआठ तास प्रत्येकी, ते घरच्या गाडीवर. त्याचा दर असा धरला: शिकाऊ हातात गाडी लिटरला बारा किलोमीटर देईल, तासात पंधरा किलोमीटर होतील, पेट्रोल १०५ च्या आसपास, म्हणजे तासाला १३० रुपये. शेजारी बसायला गल्लीतले काका, एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. ते पैसे घेईनात. फुकट बसवलं तर चौथ्या दिवशी आम्हालाच बोलवायला लाज वाटेल, असं सांगून तासाला दीडशे कबूल करून घेतले. २८० रुपये तास. क्लासच्या निम्म्याहून थोडा जास्त.

अंदाजपत्रक, शिकण्याचं खातं:

क्लास, तिघी: १८,९००
सरकारी फी, कार्ड, टपाल: ३,५००
मावशींचं वैद्यकीय प्रमाणपत्र: ३००
घरचा सराव: ७,१४०
ओरखडा निधी: ५,०००
फेरचाचणीची तरतूद: ८००
चाचणीच्या दिवशी सातारा जाणं-येणं: ६००
‘एल’ स्टिकर: ६०
एकूण ३६,३००

भिशीचे तीस हजार. ओरखडा निधी आणि फेरचाचणी हे खर्च होतीलच असं नाही, म्हणून ते भिशीबाहेर, प्रत्येकीने आपल्या डब्यात ठेवायचे. उरतात ३०,५००. पाचशे मी घातले.

माणशी १२,१०० हा आकडा जाऊच्या नवऱ्याला जास्त वाटला. “क्लास तर सहा हजाराचा आहे,” तो म्हणाला. त्याचं चूक नाही, गावात सगळे तेवढंच धरतात. म्हणूनच तर गावात लायसन्स असलेल्या आणि गाडी न चालवणाऱ्या इतक्या बायका आहेत. क्लास संपतो, पुढच्या सरावाला पैसे बाजूला काढलेले नसतात, पेट्रोल ‘उगाच’ जाळायचं कुणाच्या जिवावर येतं, आणि दोन महिन्यांत पाय क्लच विसरतो.

१० मार्च

लर्निंग निघालं. महाराष्ट्रात २०२१ पासून आधारवर घरबसल्या परीक्षा देता येते. साठ टक्के गुण लागतात. आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा, मावशींचा जुनाच नंबर होता, त्यात आठवडा गेला. चाळिशी उलटलेल्यांना नमुना १-अ मध्ये डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं, तेही आधीच आणून ठेवलं होतं.

तारखेचा हिशोब मुद्दाम केला. लर्निंग सहा महिने चालतं, पक्की चाचणी तीस दिवसांनंतर. क्लासची जागा नक्की झाल्याशिवाय लर्निंग काढलं नाही; नाहीतर सहा महिने नुसते झिजतात आणि दोनशे रुपये पुन्हा भरावे लागतात. एप्रिल-मेमध्ये कॉलेजची पोरं गर्दी करतात, म्हणून क्लास १७ मार्चपासून.

२ एप्रिल

क्लासमध्ये एक गोष्ट लक्षात आली ती खर्चाच्या बाजूने महत्त्वाची. स्कूलच्या गाडीला सरांच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतो. गाडी बंद पडायला लागली की सर आपला क्लच दाबतात आणि आपल्याला वाटतं जमलं. जाऊने सरळ विचारलं, “सर, आत्ता तुम्ही दाबला की मी?” सर हसले. तेव्हापासून सर पाय वर घेऊन बसतात आणि बाजारात गाडी बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात. हे तास महागातले आहेत, त्यात बंद पडणं इथेच उरकून घेतलेलं बरं.

पाडव्याला मावशींच्या गाडीची पूजा झाली. नंबरप्लेटची मुदत ३० एप्रिलवर गेली, पण आमची बसून झाली आहे.

१३ एप्रिल

घाटाचे तास झाले. चढावर थांबून पुन्हा निघायचं, हँडब्रेक ओढून. सरांनी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, गाडी तोलून दाखवली आणि लगेच सांगितलं की ही सवय लावून घेऊ नका: क्लच प्लेट घासते, वास सुटतो. घरी येऊन मेकॅनिकला फोन केला. क्लचचा पूर्ण संच मजुरीसकट सात हजारांच्या घरात. अंदाजपत्रकात ही ओळच नाही. गाडीच्या खात्यात टाकायची की शिकण्याच्या? झीज आमच्या पायांनी होणार, म्हणून वापराचा दर ठरवला: सरावाच्या प्रत्येक तासाला वीस रुपये मावशींच्या डब्यात. दर २८० वरून ३०० वर. मावशी नको म्हणाल्या, मी लिहून टाकलं.

काकांचं म्हणणं वेगळंच. त्यांच्या मते घाट चढायला कुणीही शिकतं, पैसे उतरण्यावर खर्च करा. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये या, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ब्रेक तापतात. आयुष्यभर महाबळेश्वरच्या वाटेवर गाड्या नेलेल्या माणसाला तासाला दीडशे देतोय, हा पूर्ण खात्यातला सगळ्यांत फायद्याचा सौदा आहे.

२५ एप्रिल

काल साताऱ्याला चाचणी. मावशींचीच गाडी नेली. स्कूलची गाडी चाचणीपुरती घेतली तर वेगळे पैसे, आणि हात बसलाय तो वॅगन आरवर. मावशी आणि मी पास. जाऊ रिव्हर्सला अडली. सात दिवसांनंतर पुन्हा देता येते, चाचणीचे ३०० पुन्हा. तीनदा नापास झालं तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं, म्हणून काकांनी तिला हाताशी धरलं आहे, रोज संध्याकाळी मोकळ्या मैदानात विटा मांडून रिव्हर्स. फेरचाचणीची तरतूद आधीच होती, त्यामुळे घरी चेहरे पडले नाहीत. हाच खर्च अचानक आला असता तर तीनशे रुपयांवरून आठवडाभर टोमणे ऐकावे लागले असते.

मावशींचं लायसन्स साठीपर्यंत, मग नूतनीकरण. जाऊला मिळेल ते चाळिशीपर्यंत. मावशी म्हणाल्या, म्हणजे मला वर्षाला महाग पडलं. खरं आहे, पण साताऱ्याच्या खेपेला पेट्रोल साडेचारशेचं आणि भाड्याची गाडी पंधराशेची. खेपेमागे हजार वाचले तर त्यांचे शिकण्याचे पैसे बारा खेपांत वसूल.

९ मे

जाऊ पास. ओरखडा निधीतून पहिला खर्च: मावशींच्या फाटकाचा खांब, मागचा बंपर, १,८०० रुपये. गाडी मावशींच्याच हातात होती. त्या पूर्ण पैसे देते म्हणाल्या. पण समान वाट्याचा नियम १६ फेब्रुवारीलाच ठरलाय: सहाशे-सहाशे.

२८ मे

पाऊस. या वर्षी मान्सून २५ मेलाच महाराष्ट्रात आला, त्याआधीचा आठवडाही पाण्यातच गेला. मी सरावाचे तास मे अखेर संपवायचे धरले होते. काका म्हणाले, थांबायचं कशाला, पावसात शिकायचं ते आत्ताच. वायपरची रबरं ५५० ना बदलली (गाडीचं खातं). काच आतून धुरकट होते तेव्हा हवा कुठे वळवायची, साचलेल्या पाण्यातून कुठल्या गिअरमध्ये जायचं, यात दर तासाला अंतर कमी झालं आणि पेट्रोल तेवढंच गेलं. घाटात मात्र आत्ता नाही, धुकं आहे.

६ जुलै

आषाढी. हिशोब बंद केला.

क्लास १८,९००, जसाच्या तसा. सरकारी ३,४८०, फेरचाचणी ३००. घरचा सराव ७,१४० धरला होता, तो ११ हजारांच्या पुढे गेला: जादा तास मुख्यतः मावशींचे, थोडे जाऊच्या रिव्हर्सचे, आणि वापराचा दर नंतर वाढवला तो. मला हे ओलांडणं बोचत नाही. बोचलं असतं ते क्लासवर जास्त गेले असते तर. त्या चार हजारांत मावशी स्वतः गाडी चालवत डॉक्टरकडे जाऊन आल्या, यजमान शेजारच्या सीटवर, तोंडाने ब्रेक मारत.

जादा तासांचे पैसे ज्याचे त्याने दिले. ओरखडा निधीत ३,२०० शिल्लक, तो मोडायचा नाही असं ठरलं, कारण आता शेजारी काका नसतात.

५ सप्टेंबर

लायसन्स तिघींकडे, गाडी एकीकडे. हात सुटू नये म्हणून मावशींची गाडी आम्ही दोघी किलोमीटरला बारा रुपयांनी घेतो: साडेसहा पेट्रोलचे, बाकी टायर, क्लच, सर्व्हिसिंगचे. महिन्याला शंभर किलोमीटर तरी प्रत्येकीने चालवायचे, काम असो वा नसो. काम नसताना चालवायचे बाराशे रुपये जाऊच्या नवऱ्याला अजून पटत नाहीत.

जीएसटी परिषदेने परवा छोट्या गाड्यांवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, २२ सप्टेंबरपासून लागू. जाऊने लगेच नव्या गाडीचा विषय काढला. मी म्हटलं, त्याला वेगळं पान. साताऱ्यापर्यंतचा रस्ता सोडला तर हायवेवर आमच्यापैकी एकही अजून गेलेली नाही; गणपती होऊ देत, काकांना विचारून हायवेचे पाच-पाच तास आधी लावते. तिघींचे साडेचार हजार.